जुन्या मोटरहोमचे इंजिन घरच्या घरी उतरवणे : आधी वाट ठरवा, मग पाना उचला

जुनी_चाके (धागाकर्ता)

माझ्याकडे १९७० च्या दशकातले, डॉजच्या चासीवर (खालच्या पोलादी सांगाड्यावर) बांधलेले मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, आहे. त्यात ४४० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.२ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन चालकाच्या आणि शेजारच्या आसनाच्या मधोमध, एका मोठ्या झाकणाखाली बसवलेले आहे. काही महिन्यांपासून इंजिन तापले की ऑइलचा दाब खाली येतो, चढावर जोर पडला की तळातून जड ठोका ऐकू येतो, आणि काढलेले ऑइल उन्हात धरले की त्यात तांबूस चकाकी दिसते. ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडला, तेव्हा त्याच्या चुण्यांमध्ये धातूचा बारीक भुगा अडकलेला होता. क्रँकच्या (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगांचा वरचा थर झिजला आहे याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

साध्या मोटारींची इंजिने मी उतरवलेली आहेत. तिथे बोनेट काढायचे, क्रेन पुढून आत घ्यायची आणि इंजिन सरळ वर उचलायचे, इतका तो मामला सरळ असतो. इथे मात्र इंजिनाच्या वर छप्पर आहे, पुढे काच आणि सपाट नाक आहे, आणि खाली चासीचे आडवे दांडे आहेत. जागा घराशेजारचीच आहे, गाडीखाली सिमेंटची फरशी आहे आणि घाई अजिबात नाही. इंजिन कोणत्या बाजूने काढावे, गिअरबॉक्स सोबत घ्यावा की जागेवर ठेवावा, आणि हे सारे होत असताना एवढी जड गाडी जागच्या जागी कशी धरून ठेवावी, या तीन प्रश्नांवर अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

लोखंडी_पाना

लक्षणे वाचून तुमचे निदान पटते. खात्री हवी असल्यास ऑइलचे चेंबर खालून सोडून एखाद-दुसऱ्या कनेक्टिंग रॉडची टोपी काढून पाहता येईल, पण तांबे दिसू लागले असेल तर क्रँकवरही ओरखडे असण्याची शक्यता मोठी असते. क्रँक घासून घ्यायचा तर इंजिन बाहेर आलेच पाहिजे.

मोटरहोमच्या बाबतीत माझे ठाम मत असे आहे की बोल्ट सोडवणे हा कामाचा लहान भाग आहे आणि वाट ठरवणे हा मोठा. वाट ठरल्याशिवाय एकही नट ढिला करू नये. कारण कोणता भाग आधी सुटणार, क्रेन कुठे उभी राहणार आणि इंजिन उचलण्यापूर्वी ते किती हलके करून घ्यायचे, हे सगळे वाटेवरूनच ठरते.

पहिली वाट समोरून. ज्या गाड्यांमध्ये जाळी, रेडिएटर आणि रेडिएटरला धरणारी चौकट बोल्टवर बसवलेली असते, तिथे हे तिन्ही काढल्यावर इंजिन सरळ पुढे ओढता येते. क्रेनचे पाय बंपरखालून आत जातात का आणि बूम, म्हणजे क्रेनचा पुढे येणारा हात, इंजिनाच्या मध्यापर्यंत पोचतो का, हे क्रेन आणून प्रत्यक्ष पाहावे, केवळ टेपने मापून थांबू नये. बूम जितका लांब ओढाल तितकी क्रेनची ताकद घटते, आणि इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. नेहमीच्या २ टनी क्रेनवर बूमच्या शेवटच्या भोकाशी बहुधा ५०० किलोचीच मर्यादा लिहिलेली असते. तुमचे ओतीव लोखंडाचे इंजिन सगळ्या जोडण्यांसकट ३०० किलोच्या आसपास भरेल, म्हणजे ते त्या मर्यादेत बसते. गिअरबॉक्स जोडलेला असेल तर मात्र ही मोकळीक फारशी उरत नाही.

दुसरी वाट झाकणाच्या तोंडातून वर आणि मग बाजूच्या दारातून बाहेर. ही वाट समोरचा भाग अखंड जोडलेला असेल तरच घ्यावी. त्यासाठी दारातून आरपार जाणारी पोलादी तुळई लागते, तिचे दोन्ही पाय गाडीच्या बाहेर जमिनीवर उभे करावे लागतात आणि तुळईवर सरकणारी चेन पुली लावावी लागते. तुळईचे टोक दाराच्या चौकटीवर किंवा आतल्या फळीवर कधीही टेकवू नये. या गाड्यांच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा, फोम आणि लाकडी पट्ट्या. भार घेण्यासाठी चासी असते, भिंत नसते. या वाटेने जाताना कार्ब्युरेटर, इनटेक मॅनिफोल्ड आणि दोन्ही सिलिंडर हेड जागेवरच उतरवून घेतले तर उंचीही कमी होते आणि वजनही बरेच उतरते, कारण अशा इंजिनाचे एकेक लोखंडी हेडच २५ किलोच्या वर असते.

तिसरी वाट खालून. कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड काढूनही चेंबरच्या तळापासून वरपर्यंत मोठी उंची उरते, आणि इंजिनाखाली ढकलगाडी धरली तर गाडीचे नाक त्याहूनही वर उचलावे लागते. इंजिनाखालून अखंड धुरा जात असेल तर आधी तोही काढावा लागतो. इतके जड वाहन घरी इतक्या उंचीवर ठेवू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

तेव्हा तुमच्यासाठी समोरची वाट. आधी जाळी काढा आणि मागची चौकट बोल्टवर आहे की वेल्डवर, ते पाहून इथे लिहा.

मागचे_इंजिन

खालून उतरवण्याबद्दल वरचे मत तुमच्या गाडीपुरते योग्य आहे, पण धागा पुढे इतरही वाचतील म्हणून दोन अपवाद नोंदवतो.

एक म्हणजे जीएमसीचे १९७३ ते १९७८ या काळात बनलेले मोटरहोम. त्याला पुढच्या चाकांची ओढ आहे आणि इंजिन-गिअरबॉक्सची सारी जोडणी ओल्ड्समोबिल टोरोनाडोवरून घेतलेली आहे. आधी ४५५ घनइंचांचे आणि १९७७ पासून ४०३ घनइंचांचे इंजिन त्यात बसवत असत. तिथे खालून उतरवण्याची पद्धत अनेकजण वापरतात; मात्र उजव्या चाकाकडे जाणारा शाफ्ट इंजिनाखालून जातो आणि त्याचा आधार इंजिनालाच बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे तो आधी सोडवणे क्रमप्राप्त असते.

दुसरा अपवाद फोक्सवॅगनच्या टाइप २ वर बांधलेल्या कॅम्परचा, ज्यावर माझे बहुतेक काम झालेले आहे. हवेने थंड होणारे ते इंजिन मागे असते, जुन्या चार सिलिंडरी प्रकारात ते १०० किलोच्या थोडे वर भरते आणि गिअरबॉक्सला केवळ चार बोल्टनी धरलेले असते. रेडिएटर नाही, कूलंट नाही. चांगला ट्रॉली जॅक आणि त्याच्या डोक्यावर रुंद फळी एवढ्यावर ते खाली येते. फक्त बोल्ट सुटल्यावर इंजिन लगेच खाली सोडू नये. ते आधी सरळ मागे ओढून गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येऊ द्यावा आणि मगच जॅक उतरवावा. शाफ्ट आत असताना इंजिनाचे वजन त्याच्यावर लटकले तर क्लच प्लेट वाकते, आणि ती वाकल्याचे इंजिन परत चढवून गाडी चालवेपर्यंत कळतही नाही.

दोन_बॅटऱ्या

वाट आणि वजनाची चर्चा उत्तम चालली आहे. मला वीज आणि गॅस या दोन बाबी मांडायच्या आहेत, कारण मोटारीची सवय असलेला माणूस मोटरहोमवर हात घालतो तेव्हा याच दोन गोष्टी त्याच्या लक्षात येत नाहीत.

मोटारीत एका बॅटरीची ऋण तार काढली की काम झाले. मोटरहोममध्ये इंजिनाची बॅटरी वेगळी आणि राहत्या भागाची वेगळी असते, आणि अल्टरनेटरपासून एक जाड तार आयसोलेटरमार्गे (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणाऱ्या उपकरणातून) राहत्या भागाच्या बॅटरीकडे जाते. कुठल्या गाडीत ही जोडणी कशी केलेली आहे, कोणी मधे बदल केले आहेत का, हे वरून सांगता येत नाही. त्यामुळे इंजिनाची बॅटरी काढल्यानंतरही अल्टरनेटरच्या टोकाशी दुसऱ्या बाजूने वीज येत असू शकते, आणि त्या टोकावर पाना टेकून चासीला लागला तर पाना लाल होईपर्यंत कोणताही फ्यूज मधे येईलच असे नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा काढाव्यात, बाहेरून येणारी घरगुती विजेची वायर उपसावी, छपरावर सौर पॅनेल असेल तर त्याची जोडणीही सोडवावी, आणि मग अल्टरनेटरवर मीटर लावून शून्य दिसल्यावरच हात घालावा.

आता गॅस. राहत्या भागातला फ्रिज शोषण तत्त्वावरचा असेल, तर तो गॅसवर चालताना त्याच्या मागे सतत ज्योत जळत असते, आणि पाणी तापवण्याच्या यंत्रालाही बहुधा पायलट ज्योत असते. तुम्ही समोर पेट्रोलची नळी सोडता आहात आणि काही हातांवर एक ज्योत पेटलेली आहे, ही स्थिती किती भयंकर आहे ते वेगळे सांगायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि एलपीजीसुद्धा. दोन्ही जमिनीलगत पसरतात आणि खड्ड्यात साठतात. सिलिंडरची मुख्य चावी बंद करून सगळ्या ज्योती विझल्याची खात्री करावी आणि पेट्रोलवरील काम खड्ड्यावर करू नये. गाडीत वीजनिर्मितीचा स्वतंत्र जनित्र असेल तर त्याची इंधननळी बहुधा त्याच टाकीतून निघते, म्हणून तीही बंद करावी.

जुनी_चाके

सर्वांचे मनापासून आभार. जाळी काढून पाहिली. मागची चौकट दोन्ही बाजूंना बोल्टवर आहे आणि खालचा आडवा दांडाही सुटणारा आहे, म्हणजे समोरची वाट खुली आहे. राहत्या भागाच्या बॅटरीची तार काढण्यापूर्वी अल्टरनेटरवर मीटर लावले, तर इंजिनाची बॅटरी काढलेली असतानाही तिथे पूर्ण १२ व्होल्ट दिसले. दोन_बॅटऱ्या यांनी लिहिले नसते तर मी तिथे बिनधास्त पाना लावला असता, त्यांचे विशेष आभार.

आता गाडी धरून ठेवण्याबद्दल. हँडब्रेक ओढलेला आहे, गिअरचा दांडा पार्कमध्ये आहे. एवढे पुरेसे होईल का?

लोखंडी_पाना

पुरेसे होणार नाही, आणि हे नीट समजून घ्या. या काळातल्या अनेक जड चासींवर, त्यात डॉजच्याही आल्या, हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या शेपटाशी एक ड्रम असतो आणि हँडब्रेक तो ड्रम धरतो, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्याकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमार्फत चाके अडतात. पार्कचा खटकाही गिअरबॉक्सच्या आतच असतो. म्हणून प्रोपेलर शाफ्ट सुटला की हँडब्रेक आणि पार्क हे दोन्ही एकाच क्षणी निरुपयोगी होतात. पायाचा ब्रेकही इंजिनाच्या व्हॅक्यूमशिवाय दगडासारखा कडक होतो. गाडीखाली वाकून प्रोपेलर शाफ्ट हँडब्रेकच्या ड्रमच्या मागे जोडलेला दिसला, तर तुमची गाडी त्यातलीच आहे असे समजावे.

मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून मोठ्या पाचरी ठोकून लावा. जमिनीला किंचितही उतार असेल तर गाडीचे तोंड फिरवून घ्या, जेणेकरून गाडी हललीच तर तुमच्या अंगावर न येता दुसऱ्या दिशेला जाईल. पुढचा भाग उचलायचा असल्यास चासीखाली पोलादी घोड्या (जॅक स्टँड) द्याव्यात. सिमेंटचे पोकळ ठोकळे अजिबात वापरू नयेत, कारण ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. आणखी एक गोष्ट अशी की इंजिन निघताच पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचा भार एकदम उतरतो आणि गाडीचे नाक वर येते. घोड्या चाके टेकलेल्या अवस्थेत नुसत्या खाली सरकवून ठेवलेल्या असतील, तर त्या क्षणी त्या मोकळ्या होतात. त्यामुळे इंजिन निघाल्यावर गाडीखाली जाण्यापूर्वी त्या पुन्हा बसवून घ्याव्या लागतात.

सावकाश

गिअरबॉक्सच्या प्रश्नावर अद्याप कोणी सविस्तर लिहिलेले नाही. माझे मत असे की दोन्ही एकत्र काढावे. जमिनीवर आल्यावर ते वेगळे करणे सोपे असते, वरचे बोल्ट सहज हाती लागतात, आणि परत चढवताना इंजिन व गिअरबॉक्स बाहेरच नीट जुळवून घेता येतात. गाडीच्या पोटाखाली पाठीवर पडून गिअरबॉक्सच्या वरच्या दोन बोल्टांशी झुंजणे हे या साऱ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण आहे.

लोखंडी_पाना

बोनेटवाल्या मोटारीत मी सावकाश यांच्याशी शंभर टक्के सहमत झालो असतो. इथे नाही. गिअरबॉक्स जोडला की सुमारे ७० किलो वजन वाढते, पण खरी अडचण लांबीची आहे. जोडीचा तोल मागे सरकतो, तो साधायला बूम आणखी आत न्यावा लागतो, आणि बाहेर ओढताना ती सगळी लांबी चासीच्या दोन दांड्यांमधून, रेडिएटरच्या मोकळ्या चौकटीतून, तिरकी करून काढावी लागते. मोटरहोममध्ये आसनांमधले झाकण उघडले की गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट गाडीत बसून, लांब एक्स्टेन्शन लावून सोडवता येतात. ही सोय मोटारीत नसते आणि ती इथे सोडू नये. गिअरबॉक्स जागेवर ठेवला तर प्रोपेलर शाफ्टला हात लावावा लागत नाही आणि हँडब्रेकही शाबूत राहतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मागे ठेवताना टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाची, काळजी घ्यावी लागते. फ्लेक्स प्लेटला (क्रँकच्या मागच्या टोकावरच्या पातळ चकतीला) जोडणारे त्याचे बोल्ट खालच्या झाकणातून, क्रँक हाताने फिरवत एकेक करून सोडावेत आणि कन्व्हर्टर मागे दाबून गिअरबॉक्समध्येच ठेवावा. इंजिन सुटताच पत्र्याची एक पट्टी आडवी लावून तो अडकवून टाकावा. तो इंजिनासोबत पुढे आला तर ऑइल सांडते, आणि परत चढवताना अर्धवट बसलेल्या कन्व्हर्टरवर बोल्ट आवळले गेले तर गिअरबॉक्सचा पंप तुटतो. इंजिन काढण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्यावा. तो रिकाम्या हवेत लटकत राहता कामा नये.

जुनी_चाके

गिअरबॉक्स जागेवर ठेवण्याचे पक्के केले. सायलेन्सरच्या नळीचे मॅनिफोल्डला जोडलेले नट मात्र गंजून गोल झाले आहेत. त्यांच्यावर कोणता उपाय करावा?

सावकाश

इथे जोर लावू नका. गंज सोडवणारे तेल रोज थोडे थोडे, काही दिवस सोडत राहा आणि प्रत्येक वेळी नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे तेल आट्यांत उतरते. नंतर सहा कोनी सॉकेट लावून नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहा. आटे मोकळे होताना एक कोरडा कट्ट असा आवाज येतो आणि पान्यातून तो हाताला जाणवतो. त्यानंतर पाव फेरा सोडायचा, अर्ध्याने परत आवळायचे, तेल घालायचे, पुन्हा सोडायचे. पाना रबरासारखा लवचीक लागू लागला, म्हणजे फिरतो आहे पण कट्ट आवाज नाही, तर स्टड (ज्यावर नट बसतो तो आटे पाडलेला दांडा) पिळवटतो आहे असे समजून तिथेच थांबावे. एवढे करूनही नट हलला नाही तर तो छिन्नीने फोडावा किंवा सायलेन्सरची नळी जोडाच्या मागे कापावी. नळी नवी लावता येते. मॅनिफोल्डमध्ये तुटलेला स्टड ड्रिलने काढत बसणे हे वेगळेच काम होऊन बसते. ज्योतीने तापवायचे असेल तर इंधनाचे सगळे काम संपवून, नळ्यांची तोंडे बंद करून आणि वाफ निघून गेल्यावरच ते करावे.

दोन_बॅटऱ्या

याला जोडूनच लिहितो. त्या काळच्या गाड्यांत इंजिनाच्या झाकणाच्या आतले उष्णतारोधक अस्तर, मॅनिफोल्डची गॅस्केटे आणि ब्रेकचे लायनिंग यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. अस्तर ठिसूळ झाले असेल तर ते कोरडे खरवडू नये आणि हवेच्या दाबाने तर मुळीच उडवू नये. ओले करून, योग्य प्रतीचा मास्क लावून ते पिशवीत बंद करावे.

वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाला जोडलेला असेल तर त्याच्या नळ्या सोडू नयेत. १९७० च्या दशकातल्या यंत्रणेत आर-१२ वायू असतो आणि तो ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे हवेत सोडणे चूक आहे. कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला घेऊन दोरीने बांधून ठेवता येतो. कूलंट मात्र पूर्ण काढावे लागेल. काही मोटरहोममध्ये पाणी तापवण्याच्या यंत्राकडे इंजिनाचे गरम कूलंट नेणाऱ्या लांब नळ्या पार मागेपर्यंत जातात, म्हणून रेडिएटर रिकामा झाला तरी नळी सोडताच पुन्हा बरेच कूलंट येते. इथिलीन ग्लायकॉलची चव गोड असते आणि ते विषारी असते. जमिनीवर सांडलेले लगेच धुऊन टाकावे, विशेषतः आसपास लहान मुले किंवा कुत्री असतील तर.

लोखंडी_पाना

आता उचलण्याबद्दल. साखळी सिलिंडर हेडच्या टोकांवरील रिकाम्या आट्यांत चांगल्या प्रतीच्या बोल्टने बांधावी, एक पुढे डावीकडे आणि एक मागे उजवीकडे. बोल्टचे आटे त्याच्या जाडीच्या किमान दीडपट आत गेलेले असावेत आणि साखळीची कडी जाड वायसर लावून हेडला घट्ट भिडलेली असावी. साखळी फार आखूड घेऊ नये. जागा कमी आहे म्हणून ती आडवी पसरली, तर तिच्या प्रत्येक बाजूवर येणारा ताण झपाट्याने वाढतो. दोन्ही बाजू जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकीवर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, आणि ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक बाजू एकटीच पूर्ण वजनाएवढा ताण सोसत असते. उंची अपुरी असेल तर तोल बदलता येणारी लेव्हलर पट्टी घ्यावी.

साखळी फक्त ताठ होईपर्यंत पंप मारावा आणि मग इंजिनाच्या फाउंडेशनचे बोल्ट काढावेत. ते सहज निघाले तर भार बरोबर पेलला गेला आहे. अडकत असतील तर क्रेन कमी किंवा जास्त उचलली गेली आहे. यानंतर बोटभर उचलून थांबावे. हा थांबा सर्वांत महत्त्वाचा आहे. टॉर्च घेऊन इंजिनाभोवती पूर्ण फेरी मारावी आणि चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी, ऑइलच्या दाबाची तार, हीटरची नळी, थ्रॉटलची दांडी, गिअरबॉक्स थंड करणाऱ्या नळ्या, सेल्फची जाड तार यांपैकी काही ताणले गेले आहे का, ते हात लावून पाहावे. अर्थिंगची पट्टी बहुधा मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टखाली लपलेली असते. मगच इंजिन सरळ पुढे ओढावे आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्येच राहिला आहे हे डोळ्यांनी पाहून पुढची हालचाल करावी. बाहेर येताच इंजिन क्रेनच्या पायांच्या वर शक्य तितके खाली घ्यावे आणि क्रेन तशीच ढकलावी. उंच धरलेल्या इंजिनासकट क्रेन वळवली तर ती कलंडते. लोंबत्या इंजिनाखाली हात किंवा पाय कोणत्याही कारणाने जाता कामा नये, आणि एक जाणता मदतनीस पूर्ण वेळ हजर असावा.

जुनी_चाके

इंजिन बाहेर आले. बोटभर उचलून थांबलो तेव्हा तुम्ही म्हटल्याप्रमाणेच अर्थिंगची पट्टी ताणलेली सापडली. कन्व्हर्टर जागेवर आहे आणि त्याला पट्टी लावली आहे. पहिल्या रॉडची टोपी काढली तर बेअरिंगवर तांबे उघडे पडले होते आणि क्रँकवर नख अडकेल असा ओरखडा होता, त्यामुळे क्रँक घासायला द्यावाच लागेल. तोवर इंजिन स्टँडवर लावू का?

लोखंडी_पाना

लावा, पण चार चाकांचा आणि रुंद पायांचा स्टँड घ्या. तीन चाकांचे स्टँड एवढ्या जड इंजिनाला पुढे कलंडतात. बोल्ट गिअरबॉक्सच्या जोडाचेच, पुरेशा लांबीचे घ्यावेत. क्रँक परत आला की नवी बेअरिंगे घासलेल्या मापाचीच घ्या आणि फट प्रत्यक्ष मोजल्याशिवाय टोप्या कायमच्या आवळू नका. धातूचा भुगा ऑइलच्या सगळ्या वाटांत फिरलेला आहे, म्हणून ब्लॉकमधील गॅलऱ्यांचे प्लग काढून त्या ब्रशने धुवाव्या लागतील. ऑइल कूलर असेल तर तो धुऊन वापरण्यापेक्षा बदललेला बरा. इंजिन चढवताना गिअरबॉक्सला भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत काही मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. फट नसेल तर बोल्टने ओढून जोड मिळवण्याचा प्रयत्न करू नका. इंजिन गिअरबॉक्सपासून परत दूर घ्या, कन्व्हर्टर फिरवत आत दाबून नीट बसवा आणि पुन्हा जुळवा.